अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची मुलाखत: मराठवाड्यातून जाणाऱ्यांनी काय तयारी करावी

लेकाने किंवा लेकीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, की गावाकडच्या आईवडिलांच्या ग्रीन कार्डचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा विषय निघतो. मुलाखतीची तारीख आली की घरात आधी सातबारा, एफडीच्या पावत्या आणि बँकेची स्टेटमेंट गोळा व्हायला लागतात. या व्हिसाला त्यांचा फारसा उपयोग नाही. पर्यटक व्हिसासाठी ‘मी परत येईन’ हे पटवावं लागतं. इमिग्रंट व्हिसात तुम्ही राहायलाच चालला आहात, हे धरलेलंच असतं. अधिकारी मुख्यतः एवढंच बघतो, की नातं खरं आहे का, सगळ्या कागदांवरचा माणूस एकच आहे का आणि तिथे खर्च उचलणारं कोणी आहे का. आपल्याकडची प्रकरणं अडतात ती सहसा यातल्या दुसऱ्या, म्हणजे माणूस एकच असल्याच्या मुद्द्यावर. तो मुद्दा मुंबईत सुटत नाही, तो ग्रामपंचायतीत आणि शाळेच्या कार्यालयात सोडवावा लागतो.

आधी पात्रता. आईवडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकन नागरिक असलेल्या आणि वय २१ पूर्ण झालेल्या अपत्यालाच करता येतो, ग्रीन कार्डधारकाला नाही. आईचा आय-१३०, म्हणजे नात्याचा हा अर्ज, वेगळा आणि वडिलांचा वेगळा. घरातला धाकटा भाऊ त्यांच्या अर्जावर सोबत जाऊ शकत नाही. भावंडांची एफ-४ ही स्वतंत्र श्रेणी आहे आणि भारतीयांना तिच्यात पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. पती-पत्नीच्या अर्जात, अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, दोन वर्षांचं मिळतं.

आय-१३० मंजूर झाला की प्रकरण अमेरिकी सरकारच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. कौटुंबिक श्रेणीसाठी माणशी ३२५ डॉलर अर्जशुल्क आणि आर्थिक हमीपत्र तपासण्याचे १२० डॉलर ऑनलाइन भरायचे, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि कागद स्कॅन करून चढवायचे. सगळं पुरेसं वाटलं की मुंबईच्या वाणिज्य दूतावासातली तारीख मिळते. चढवलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत मुलाखतीला हातात लागते. केवळ झेरॉक्सवर गेलेला माणूस त्या दिवशी अडकतो.

जन्माचा दाखला

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा, महाराष्ट्रात तो लागू झाला १९७० मध्ये. त्याआधी खेड्यात जन्मलेल्यांची नोंद सापडेलच असं नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या काळातलं काही सापडलं तर ते उर्दूतही असू शकतं. नोंद नसेल तर जन्म जिथे झाला त्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं. त्याला जोडून आई किंवा वडिलांचं, ते हयात नसतील तर अर्जदारापेक्षा वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं नोटरी केलेलं शपथपत्र लावावं. त्यात जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची पूर्ण नावं आणि आईचं माहेरचं नाव हवं. सोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेचा निर्गम उतारा. थोरली बहीण किंवा चुलते असतील तर हे काम आजच उरकून घ्या.

घाईने उशिराची जन्मनोंद करून नवा दाखला काढणं हा सोपा रस्ता वाटतो, पण सत्तरीतल्या माणसाचा गेल्या महिन्यातला दाखला पाहून प्रश्न वाढतात. २०२५ मध्ये राज्यात अशा नोंदींची मोठी चौकशीही झाली. असा दाखला असेल तर शाळेचा जुना पुरावा सोबत ठेवाच.

आता १ जूनचं. नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकली आणि तीच पुढे आधार, पासपोर्टावर चढली, असं जवळपास प्रत्येक घरात एक तरी माणूस असतं. पासपोर्टावर एक तारीख आणि जन्मदाखल्यावर दुसरी, असं असेल तर ते मुलाखतीपर्यंत दाबून ठेवू नका. आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, आणि दोन्ही तारखा कशा आल्या ते शपथपत्रात लिहा.

नावांचा गोंधळ

एका कागदावर पांडुरंग, दुसऱ्यावर पांडुरंगराव. लग्नाआधी शकुंतला, सासरी सुमन, मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. आपल्याला यात वावगं काही दिसत नाही, पण परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ही दोन माणसं असतात. डीएस-२६० मध्ये वापरलेल्या इतर नावांचा रकाना आहे, त्यात सगळी रूपं भरा. नाव पुरतं बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव जसं आहे तसं पासपोर्टाशी जुळतं का, हे सगळ्यात आधी पाहा, कारण नात्याचा मुख्य पुरावा तोच. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली म्हणून घाबरायचं कारण नाही. जन्मस्थळ पासपोर्टावर आहे तसंच फॉर्मात लिहा.

मराठी किंवा उर्दू कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, १६ वर्षांवरील प्रत्येकाला लागतो. तो पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपये भरून घ्यावा, देश अमेरिका निवडावा. तो दोन वर्षं चालतो, म्हणून फार लवकर काढू नये. आखातात वर्षभर किंवा जास्त नोकरी केली असेल तर त्या देशाचा वेगळा लागतो, आणि त्याला वेळ जातो.

हमीपत्र, म्हणजे आय-८६४, अपत्याने भरायचं. उत्पन्न अमेरिकेत कुटुंबसंख्येनुसार ठरलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के हवं. कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सह-हमीदार चालतो.

वैद्यकीय तपासणी

ती दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या फॅमिली डॉक्टरचं पत्र चालत नाही. तारीख मुलाखतीच्या दोन दिवस आधीची घेणं ही नेहमीची चूक. १५ वर्षांवरील सगळ्यांचा छातीचा एक्स-रे होतो. जुन्या टीबीचा डाग दिसला तर लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने द्यावे लागतात आणि कल्चरच्या, म्हणजे नमुन्यात टीबीचे जंतू वाढतात का ते बघणाऱ्या चाचणीच्या अहवालाला साधारण आठ आठवडे जातात. मुलाखतीचं पत्र आलं की लगेच तारीख घ्या. टीबीचे उपचार कधी झाले असतील तर ते कागद, जुने एक्स-रे, लसीकरणाची नोंद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

मुलाखतीचा दिवस

दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. रात्रीच्या देवगिरीने निघून सकाळी थेट रांगेत उभं राहायचा बेत करू नका. गाडीला दोन तास उशीर झाला तर वेळ हुकते, आणि वयस्कर माणसाची झोपही होत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठा. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, मोठी बॅग आत नेता येत नाही, म्हणून सोबतच्याने सामान घेऊन बाहेर थांबावं. पारदर्शक फोल्डरमध्ये पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, डीएस-२६० ची पावती, मूळ कागद आणि २ बाय २ इंचाचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे, चश्म्याविना दोन फोटो ठेवा.

प्रश्न साधे असतात. मुलं किती, कोण कुठे राहतं, अर्ज कोणी केला, तो काय काम करतो, पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का? इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोलायचंय असं सुरुवातीलाच सांगा. पाठ केलेली उत्तरं नकोत. विचारलं तेवढंच सांगा, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. एजंटने सांगितलं म्हणून एखादं अपत्य किंवा जुना नकार लपवू नका. खोटं उघड झालं तर कायमची बंदी येऊ शकते.

कागद कमी पडला तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. तिच्यावर मागितलेलं वर्षाच्या आत द्यायचं, नाहीतर प्रकरण नव्याने सुरू करावं लागतं. पासपोर्टावर व्हिसा छापून हातात येईपर्यंत तिकीट काढू नका आणि जमीन विकायला तर मुळीच काढू नका. व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, तो वैद्यकीय अहवालाच्या मुदतीवर ठरतो. निघण्याआधी २३५ डॉलरचं इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरा. सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते न फोडता हातातल्या बॅगेत ठेवा.