माळावरील फुलपाखरांचे संवर्धन (ठाणे–नवी मुंबई)

गवताळ उतार, माळ व पडीक जमिनी यांवर वाढणाऱ्या फुलपाखरांचा अधिवास राखण्याचे काम. पारसिक व खारघरचे डोंगरउतार आणि येऊरच्या कडेचे मोकळे भाग हे या परिसरातील असे अधिवास. २०१५ मध्ये ब्ल्यू मॉरमॉन महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाले. पण कौतुक अशा मोठ्या, रंगीत फुलपाखरांच्या वाट्याला येते. माळावरची बहुतेक फुलपाखरे चिमुकली. ग्रास ज्वेल तर पंख पसरूनही जेमतेम दोन सेंटिमीटर भरते.

प्रत्येकाची अन्नवनस्पती ठरलेली असते. फोररिंग व ईव्हिनिंग ब्राऊन यांच्या अळ्या गवत खातात, ग्रास यलोच्या अळ्या टाकळ्यावर वाढतात. पहिल्या पावसानंतर भाजीसाठी खुडला जाणारा टाकळा तो हाच. कोरांटी यलो पॅन्सीला लागते. ग्रास ज्वेलच्या अळ्यांभोवती मुंग्यांचा राबता असतो. अळीच्या अंगातून पाझरणारा गोड रस त्यांना मिळतो आणि अळीला राखण.

खाणी व बांधकामांनी माळ गिळले, हे उघड दिसते. उन्हाळ्यातले वणवे सुकल्या गवतातले कोश जाळतात. घाणेरी व रानमोडी माजली की खालचे गवत दबते. सर्वांत अवघड प्रश्न मात्र चांगल्या हेतूने केलेल्या वृक्षारोपणाचा. माळ म्हणजे ओसाड जागा, या समजुतीने तिथे झाडे लावली जातात. सावली वाढली की ऊन मागणारे गवत हटते, त्यामागोमाग फुलपाखरूही.

गवताची उंची किती मोलाची, हे ब्रिटनमधील लार्ज ब्ल्यूने दाखवले. त्याची अळी एका जातीच्या लाल मुंगीच्या वारुळात वाढते. १९५०च्या दशकात रोगाने ससे मेले, चराई घटली, गवत वाढून जमीन थंडावली आणि ती मुंगी हटली. १९७९ मध्ये हे फुलपाखरू तिथून नाहीसे झाले. कारण उलगडल्यावर चराई पुन्हा सुरू केली, स्वीडनहून अळ्या आणल्या आणि ते परतले.

इथल्या जाती व मुंग्या वेगळ्या, म्हणून तीच उंची इथे लागू होणार नाही. पण माळ एकदम न कापता पट्ट्यापट्ट्याने, आलटून-पालटून कापणे, माफक चराई चालू ठेवणे आणि कडेची एकदांडीची फुले फुलपाखरांना मधासाठी राहू देणे, एवढे इथेही करता येते. भर पावसाळ्यात सरसकट गवत कापल्यास अंडी व अळ्या गवताबरोबरच जातात.