जर्दाळू थंडी मोजतो

शेजारच्या काकूंनी सुक्या जर्दाळूची बी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवली होती. ती रुजली. आज चार वर्षांनी झाड गॅलरीच्या कठड्याच्या वर गेलंय, पण फुलाचा पत्ता नाही. परवा त्यांनी मोबाइलवर आलेला व्हिडिओ दाखवला: रोज रात्री मुळाशी बर्फ घाला, मुंबईतही जर्दाळू धरतील. "घालू का रे?"

बर्फ सरबतात घाला, काकू.

जर्दाळूला थंडी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. ती किती, हे तो मोजतो. ढोबळ हिशेब असा, की पारा ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली राहिला ते तास धरायचे. कमी थंडीवर भागणाऱ्या जातींनाही असे अडीचशे-तीनशे तास लागतात. आता सांताक्रूझचा आजवरचा नीचांक बघा: २२ जानेवारी १९६२, ७.४ अंश. म्हणजे त्या ऐतिहासिक रात्रीसुद्धा झाडाच्या खात्यात शून्य तास!

मोजतं कोण? मुळं नव्हे, डोळे. फांदीवरचे, ज्यांतून पान किंवा फूल फुटतं ते. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० साली ब्लूबेरीवरचा एक झकास प्रयोग मांडला. झुडूप उबदार काचघरात, एकच फांदी भोकातून बाहेर थंडीत. वसंतात बाहेरची फांदी पालवली, आतलं झुडूप झोपलेलंच. मूळ एकच, पाणी एकच!

डोळ्यात घडतं काय? शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. पॉपलरसारख्या झाडांत दिसलंय, की झोपेच्या काळात या वाटांना कॅलोज नावाच्या पदार्थाची बुचं बसतात आणि वाढीचे निरोप अडतात. थंडीत बुचं विरघळवणारी विकरं तयार होतात. शिवाय पीच-जर्दाळूच्या कुळात 'डॅम' नावाची सहा जनुकं ओळीनं बसलेली आहेत. ती चालू तोवर झोप, आणि थंडी त्यांना हळूहळू गप्प करते. मेक्सिकोतल्या एका पीचमध्ये यांतली काही गळालेली आहेत, ते झाड झोपतच नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी मांडलेल्या हिशेबात तर थंडीची कमाई आधी कच्ची असते. पुरेशी साठली की पक्की होते, त्याआधी ऊन तापलं की पुसली जाते. आपली जानेवारीतली दुपार तिशीला टेकते.

जाता जाता, त्याच व्हिडिओत बी फोडून आतला कडू गर 'बी-१७ जीवनसत्त्व' म्हणून कॅन्सरवर खायला सांगितलाय. असं जीवनसत्त्वच नाही. त्यात असतं अमिग्डालिन, आणि पोटात त्याचं सायनाइड होतं. खाऊ नका.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बी ठेवली तसं अख्खं झाडच फ्रिजमध्ये ठेवायला हवं?"

तत्त्वतः हो. पानं गळल्यावर, कुंडीसकट, कित्येक आठवडे.

त्यांनी फ्रिज उघडून बघितला. आत पापलेट होतं.