पीएम रिपोर्ट वेगळा, सीए रिपोर्ट वेगळा

सिरीयल किलरच्या मागावरच्या कादंबऱ्यांत एक फॉरेन्सिक डॉक्टर असतोच, जो बॉडी पण उघडतो, विष पण शोधतो, डीएनए पण काढतो आणि संध्याकाळपर्यंत इन्स्पेक्टरला खुनी डावखुरा आहे हेही सांगून मोकळा होतो. अरे बाबा, बॉडी उघडणं आणि लॅबमधली तपासणी, ही दोन वेगळी खाती आहेत!

पुण्यात समजा बॉडी ससून हॉस्पिटलला गेली, तर पीएम (म्हणजे पोस्टमॉर्टेम) करणारा माणूस डॉक्टर. त्याचं काम शरीर बघायचं. गळ्यावरचा वळ तिरका, वरच्या बाजूला आणि अर्धवट असेल तर बहुतेक गळफास, आणि आडवा, जरा खाली, मानेभोवती पूर्ण फिरलेला असेल तर कुणीतरी आवळलाय अशी शंका. चार बॉड्यांवर तसाच वळ दिसला तर पहिली बोंब हाच मारणार.

लॅब म्हणजे गणेशखिंडची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. इथे केमिस्ट्री-बायोलॉजीवाले लोक, त्यांना बॉडी दिसतच नाही, दिसतात त्या सीलबंद बरण्या. पेपरात आपण वाचतो ना "व्हिसेरा राखून ठेवला", तो हाच: जठर आणि त्यातलं जे काही असेल ते, आतड्याचा तुकडा, लिव्हरचा भाग, दोन्ही किडन्या अर्ध्या-अर्ध्या. आणि हे सगळं सहसा मिठाच्या पाण्यात, म्हणजे मीठ विरघळायचं थांबेल इतकं मीठ घातलेल्या. फॉर्मालिनमधे नाही, कारण त्यात बरीच विषं नंतर सापडायची पंचाईत होते (मायक्रोस्कोपखाली बघायचा तुकडा असेल तर मात्र फॉर्मालिनच). ज्या लेखकाचा डॉक्टर व्हिसेरा फॉर्मालिनमधे बुडवतो त्याच्या खुन्याचं नशीब जोरावर म्हणायचं.

लॅबकडून येतो तो सीए रिपोर्ट, केमिकल अ‍ॅनालायझरचा. त्यात विष कोणतं ते कळतं, पण माणूस त्यानेच मेला का हे लॅब सांगत नाही, ते परत डॉक्टरनेच सांगायचं, म्हणून तोवर पीएम रिपोर्टमधे मृत्यूचं कारण राखून ठेवलेलं असतं. कादंबरीत ही वाट बघणं कुणी दाखवत नाही, खरं तर सगळं टेन्शन तिथेच आहे, पुढचा खून होईपर्यंत बरणी लॅबमधे नंबर लावून बसलेली.

डीएनए पण लॅबचंच खातं. आणि डीएनएवरून माणूस ओळखायचं तंत्र अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाला इंग्लंडमधे सुचलं १९८४ साली. त्यामुळे जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या काळातलं, म्हणजे १९७६-७७ चं पुणं दाखवणाऱ्या कादंबरीत डीएनए मॅच झाला, की पुस्तक खुशाल रद्दीत टाका.