सांगाडे, प्राचीन मानवी

उत्खननात मिळणारे माणसाचे अस्थि-अवशेष. हाडे मेलेल्या माणसाची, पण त्यांतून कळते ते मुख्यतः त्याचे जगणे: खाणे, कष्ट, दुखणी आणि शेवटी घरच्यांनी दिलेला निरोप.

बडोद्यातल्या मराठी घरांतली मुले आयुष्यातला पहिला सांगाडा बहुधा कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये पाहतात, तोही देवमाशाचा. माणसांचे सांगाडे मिळाले ते उत्तरेला, लांघणजला. मेहसाणा जिल्ह्यातले हे गाव; हा जिल्हा बहुतांशी जुना गायकवाडी मुलूख. तिथल्या वाळूच्या टेकाडावर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९४० च्या दशकात खोदकाम केले; १९४४ च्या मोहिमेत मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे होत्या. मध्याश्मयुगातली, म्हणजे शेतीआधीच्या शिकारी काळातली, ही माणसे गुडघे पोटाशी घेऊन पुरलेली होती. जवळच सूक्ष्मास्त्रे (बारीक दगडी हत्यारे), शिकारीची हाडे आणि ऐरणीसारखे वापरलेले गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. आजच्या रखरखीत उत्तर गुजरातेत तेव्हा गेंडे चरत होते! कवट्या मोजून वंश ठरवण्याचा त्या काळचा सोस आता ओसरला आहे, आणि ते बरेच झाले.

कटीच्या हाडांवरून स्त्री की पुरुष ते समजते, लहान मुलाचे वय दातांवरून. सगळ्यांत बोलके असतात ते दातच. ते सपाट झिजलेले असतील तर अन्न भरड, कणी-रेती मिसळलेले. शेती आल्यावर पिठूळ खाणे वाढले आणि बहुतेक ठिकाणी दातांची कीडही वाढली. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण वरच्या थरावर, नखाने जाणवेल अशी आडवी खाच असते, ती बालपणातल्या उपासमारीची किंवा मोठ्या आजाराची. हाड भरून येते, इनॅमल येत नाही; म्हणून तीन-चार वर्षांच्या पोराचे दुखणे हजारो वर्षांनंतरही वाचता येते.

उदयपूरजवळच्या बालाथल येथील सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या एका प्रौढाच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत. त्याला दगडी भिंतींच्या आवारात, शेणाच्या राखेत पुरले होते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तान्ही मुले तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत, राहत्या घराच्या जमिनीखालीच ठेवत. मोठ्यांना पुरताना मात्र पाय घोट्यावर तोडलेले आढळतात. मृताने परत फिरू नये म्हणून, असा अर्थ लावला जातो.

उत्क्रांतीच्या दृष्टीने भारतातला सर्वांत मोलाचा अवशेष नर्मदाकाठच्या हथनोऱ्याचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी तिथे कवटीचा वरचा भाग मिळाला. आधी तो होमो इरेक्टस या जुन्या, नामशेष मानवजातीचा मानला गेला; पुढे पुष्कळ अभ्यासकांनी त्याला आद्य सेपियन्समध्ये, म्हणजे आजच्या माणसाच्या जातीच्या जुन्या रूपांत, धरले. जबडा आणि दात मात्र मिळाले नाहीत.