एच. एल. हनली (पाणबुडी)

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या फुटीर राज्यांनी वापरलेली, हातांनी चालवायची पाणबुडी. शत्रूची युद्धनौका बुडवणारी जगातली पहिली पाणबुडी असा तिचा लौकिक आहे. हिशेब मात्र उफराटा आहे: तिच्यामुळे शत्रूचे ५ जण मेले, तर तिच्या पोटात स्वपक्षाचे २१.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवून धरल्याने कापूस बाहेर जाईना आणि दारूगोळा आत येईना. (लँकेशायरच्या गिरण्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या त्या या नाकेबंदीमुळेच. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ओसरला.) नाकेबंदी पाण्याखालून फोडावी म्हणून वकील होरेस लॉसन हनली आणि जेम्स मॅक्लिंटॉक, बॅक्स्टर वॉटसन हे तंत्रज्ञ एकत्र आले. त्यांची पहिली बोट न्यू ऑर्लिन्स शत्रूच्या हाती जाताना त्यांनीच बुडवली. दुसरी अलाबामा राज्यातल्या मोबील बंदराच्या उपसागरात बुडाली. तिसरी ही. १८६३ च्या उन्हाळ्यात ती मोबीलमध्ये तयार झाली आणि रेल्वेने साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदराला आली.

लांबी सुमारे ४० फूट, आतली उंची जेमतेम ४ फूट. सात माणसे डाव्या बाजूच्या बाकावर ओळीने वाकून बसत आणि समोरचा नागमोडी लोखंडी दांडा हाताने फिरवत. त्यावर मागचा पंखा फिरे. आठवा, म्हणजे कप्तान, पुढच्या झडपेखाली उभा राहून दिशा सांभाळी. दोन्ही टोकांच्या टाक्यांत पाणी घेतले की बोट खाली जाई, पंपाने उपसले की वर येई. टाक्यांच्या भिंती छतापर्यंत पोचत नसल्याने टाकी भरून वाहिली तर पाणी थेट माणसांच्या पायाशी. उजेडाला एक मेणबत्ती. ती विझू लागली की हवा संपत आली असे समजायचे.

२९ ऑगस्ट १८६३ रोजी ती धक्क्याजवळच बुडाली आणि पाच जण गेले. बोट वर काढली. १५ ऑक्टोबरला सरावात खुद्द हनलीसह आठही जण बुडाले. बोट पुन्हा वर काढली. एवढे होऊनही नवा कप्तान लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन याला नवे खलाशी मिळाले, हे आज वाचताना खरे वाटत नाही.

१७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास उत्तरेच्या ‘हाउसटॉनिक’ या युद्धनौकेच्या पहारेकऱ्याला पाण्यावर ओंडक्यासारखे काही सरकताना दिसले. हनलीच्या टोकाला लांब दांडी होती आणि दांडीवर १३५ पौंड दारूचा सुरुंग. पाचएक मिनिटांत हाउसटॉनिक तळाला गेली. पाणी उथळ होते, म्हणून बहुतेक खलाशी डोलकाठ्यांवर चढून वाचले. हनली परतलीच नाही.

१९९५ मध्ये कादंबरीकार क्लाइव्ह कसलर याच्या शोधपथकाला ती गाळाखाली सापडली. ८ ऑगस्ट २००० रोजी पट्ट्यांच्या झोळीत, समुद्रतळावर कलली होती तशीच तिरपी ठेवून ती वर आणली. सव्वाशेहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेले लोखंड उघड्यावर वाळवले तर तडकते. म्हणून नॉर्थ चार्ल्स्टनच्या प्रयोगशाळेत तिला आधी थंड गोड्या पाण्यात आणि २०१४ पासून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून तिच्यातला क्षार काढण्यात येतो. जुन्या बॉयलरची ठोकठाक करून ही बोट बनवली, असा समज होता. गाळ निघाल्यावर दिसले ते पत्र्याशी सपाट बसवलेले रिव्हेट आणि पाणी कापत जाणारे निमुळते नाक.

गाळात डिक्सनच्या सांगाड्याजवळ २० डॉलरचे वाकलेले सोन्याचे नाणे मिळाले. याच युद्धातल्या शायलोच्या लढाईत गोळी या नाण्यावर आदळून त्याचा पाय वाचला, ही तोवर दंतकथाच मानली जाई. नाण्यावर ‘माझा जीवनरक्षक’ या अर्थाचे शब्द, लढाईची तारीख आणि त्याची आद्याक्षरे कोरलेली निघाली.

बाकीचे खलाशी आपापल्या जागी होते. झडपेकडे धावपळ केल्याची खूण नव्हती; संकटात सोडून द्यायची तळाची वजनेही तशीच होती. दांडीच्या टोकाला सुरुंगाच्या तांब्याच्या पत्र्याचा तुकडा राहिला होता. म्हणजे स्फोट बोटीपासून २० फुटांच्या आत झाला. स्फोटाच्या दाबलहरीनेच सर्व जण बसल्या जागी मेले, असे अभियंता रेचल लान्स यांनी २०१७ मध्ये मांडले. हवा संपली, असे काही अभ्यासक मानतात.

१७ एप्रिल २००४ रोजी या आठ जणांना चार्ल्स्टनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत पुरले. हनली आणि त्याचे सोबती तिथे आधीपासून होते. पहिल्या खेपेच्या खलाशांच्या कबरी एका फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागाराखाली सापडल्या होत्या. त्यांनाही २००० मध्ये इथेच आणले गेले.