तावदानाच्या जागी अडवलेली हवा

स्फोटात जितकी घरे पडतात, त्यांच्या कितीतरी पट घरांच्या केवळ खिडक्या जातात. साधी विटांची भिंत ढासळण्यासाठी दहा-वीस किलोपास्कल किंवा त्याहून अधिक दाब लागतो. नेहमीच्या खिडकीची काच मात्र ३ ते ७ किलोपास्कलला, कधी त्याहून कमी दाबालाही फुटते. ३ किलोपास्कल हा आकडा किरकोळ वाटेल, पण सव्वा मीटर लांब आणि तितक्याच रुंद तावदानावर एवढा दाब म्हणजे जवळपास पावणेपाचशे किलोंचा भार, आणि तोही एका क्षणात पडणारा. काच वाकून तो भार सोसू शकत नाही. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म तडे असतात, ताण त्यांच्या टोकांशी एकवटतो आणि तिथूनच ती फाटत जाते, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली काचेवरच प्रयोग करून दाखवून दिले होते. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा गोदीपासून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या इमारतींच्याही काचा फुटल्या होत्या.

अशा घराच्या भिंती शाबूत असतात, छप्परही असते, आणि तरीही थंडीच्या दिवसांत त्यात राहता येत नाही. युक्रेनमध्ये २०२२ पासून लाखो कुटुंबांनी हेच अनुभवले आहे. तिथल्या हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, वीज आणि गरम पाण्याचा पुरवठा हल्ल्यांमुळे खंडित होतो, आणि सपाट काचेसाठी तो देश युद्धापूर्वी बव्हंशी आयातीवर अवलंबून होता. नवी काच महाग असते, ती बसवायला कारागीर लागतो, वाहतुकीत ती फुटते, आणि पुढच्या स्फोटात तिचेच धारदार तुकडे घरातल्या माणसांच्या अंगावर येतात. लाकडी फळी ठोकली तर वारा अडतो, पण खोलीत दिवसाही अंधार होतो. तळघरात आणि बंद खोल्यांत महिने काढलेल्या माणसांसाठी उजेड ही चैन नसते, म्हणून फळीला मी तात्पुरत्या उत्तरांतही शेवटचे स्थान देईन.

‘इन्सुलेट युक्रेन’ या प्रकल्पाने जी खिडकी वापरात आणली, तिची सामग्री अगदी साधी आहे: पॉलिथिनची फिल्म, पीव्हीसी नळ, नळांवर चढवायचा फोम आणि चिकटपट्टी. ती का चालते, हे थोड्या हिशेबाने समजते. दीड चौरस मीटरची खिडकी घेऊ. आत १८ अंश आणि बाहेर उणे ५ अंश सेल्सिअस तापमान आहे असे मानू. खिडकी उघडीच राहिली आणि तिच्यातून सेकंदाला फक्त १०० लिटर हवा बदलत राहिली, तरी सुमारे २.८ किलोवॅट उष्णता बाहेर जाते, म्हणजे दीड-दोन हीटरची सारी कमाई. तिथे हवाबंद एकेरी पडदा लावला, मग तो काचेचा असो की प्लास्टिकचा, तर हे नुकसान २०० वॅटच्या आसपास येते. सर्वांत मोठा फायदा या पहिल्याच पायरीवर मिळतो, आणि तो पदार्थामुळे नव्हे तर फटी बुजल्यामुळे मिळतो.

पुढचे काम अडवलेल्या हवेचे आहे. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक असते. काचेच्या तुलनेत तिची वाहकता सुमारे चाळीस पटींनी कमी आहे. दोन थरांमध्ये दीड-दोन सेंटीमीटरची हवा कोंडली, तर ती जवळजवळ हलत नाही. फट फार रुंद केली की गरम हवा वर आणि थंड हवा खाली असे चक्र सुरू होते आणि रुंदी वाढवण्याचा लाभ थांबतो. फिल्मचे चार थर आणि त्यांच्यामध्ये हवेच्या तीन पोकळ्या असतील, तर आदर्श स्थितीत वरच्या उदाहरणातील नुकसान ५० ते ६० वॅटवर येते. चार थर असूनही सुमारे ७० टक्के उजेड आत येतो.

प्रत्यक्षात आकडा याहून वाढतो, आणि त्याचे कारण मला या साऱ्या विषयात सर्वांत रोचक वाटते. माणसाचे शरीर, भिंती, भांडी, सगळेच अदृश्य अवरक्त किरण बाहेर टाकत असतात. काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. पातळ पॉलिथिन मात्र त्यांतले बहुतांश सरळ जाऊ देते, त्यामुळे थर वाढवूनही उष्णतेचा हा एक रस्ता अर्धवट उघडा राहतो. फिल्मवर आतून दव साचले की पाण्याचा तो पातळ पापुद्रा अवरक्त किरण शोषून घेतो आणि ही गळती काहीशी कमी होते. रात्री अवरक्त किरण अडवणारे मिश्रण घातलेली पॉलिहाऊसची फिल्म मिळते. ती मिळाल्यास साध्या फिल्मपेक्षा तीच घ्यावी.

नागपूरला हा विषय परका मानण्याचे कारण नाही. नागरी संरक्षणाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९५७ मध्ये याच शहरात सुरू झाली, स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय येथे आहे, आणि पुलगावचे दारूगोळा भांडार शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. विदर्भातल्या गारपिटीत फुटणाऱ्या खिडक्या तर आपल्या घरच्याच. लागणारे सर्व साहित्यही येथे ओळखीचे आहे: प्लंबरकडचा पीव्हीसी नळ आणि एल्बो (कोपऱ्यात नळ जोडणारा तुकडा), एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी, रुंद चिकटपट्टी, आणि शेतकरी पॉलिहाऊसवर घालतात ती २०० मायक्रॉनची फिल्म. आपल्याकडे सरसकट जिला पन्नी म्हणतात ती साधी पन्नी उन्हाने एका हंगामात कडक होऊन चिरते. पॉलिहाऊसच्या फिल्ममध्ये अतिनील किरणांपासून बचाव करणारे द्रव्य असल्यामुळे ती टिकते.

नळांची चौकट खिडकीच्या मोकळ्या जागेपेक्षा किंचित लहान करावी, तिच्या दोन्ही बाजूंनी फिल्म ताणून चिकटवावी, आणि अशा दोन चौकटी मध्ये जागा ठेवून एकामागे एक बसवाव्यात, म्हणजे चार थर होतात. चौकटीच्या कडेने फोम गुंडाळला की तो भिंतीशी दाबला जाऊन चौकट घट्ट बसते. खिळा मारावा लागत नाही. पुन्हा स्फोट झाला तर ही हलकी चौकट जागेवरून निखळू शकते किंवा फिल्म ताणून फाटू शकते, पण धारदार तुकडे उडत नाहीत. चौकट बसवल्यावर पेटती अगरबत्ती कडेकडेने फिरवावी. धूर जिथे एकाएकी वळतो तिथे फट आहे. बहुधा ती खालच्या कोपऱ्यात, एल्बोच्या जाडीमुळे फोम उचलला जातो तिथे सापडते.

दोन गोष्टींबाबत मात्र हयगय नको. पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळते आणि ज्वाळा लागली तर पेटतेही, म्हणून शेगडी, दिवा आणि हीटर खिडकीपासून दूर ठेवावेत. दुसरे असे की, फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅस जाळून ऊब घेतली, तर रंग आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेत जीव जाऊ शकतो. हवा येण्याचा एक छोटा मार्ग मुद्दाम राखावाच लागतो. नागपूरच्या मे महिन्यात गरज उलटी असते: चार थरांतून ऊन आत येते आणि उष्णता अडकून राहते, म्हणून तेव्हा हीच चौकट ठेवायची असेल तर तिच्या बाहेर हातभर अंतरावर हिरवी जाळी किंवा बांबूची ताटी बांधून ऊन फिल्मपर्यंत पोहोचण्याआधीच अडवावे, आणि संध्याकाळी बाहेरची हवा निवली की चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवावी.