घड तपासला, हात राहिला

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी उरकली की लगेच पेस्टच्या बादल्या बागेत येतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडच्या द्रावणात बोळा बुडवून मजूर एकेका काडीवर हात फिरवतात. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या असतात, बायकाही असतात. हातमोजे असले तर असले. हे रसायन कातडीतून अंगात मुरतं आणि यकृतातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. पोटात गेलेल्या दारूपासून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते पुढे मोडायचं काम नेमकं याच विकराकडे असतं. ते अडलं की संध्याकाळी दोन घोट घेतलेल्या माणसाचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. (काही देशांत दारू सोडवायला हेच सायनामाइड देतात.) दवाखान्यात मात्र ‘जास्त झाली असेल’ म्हणून सलाइनवर भागण्याचीच शक्यता जास्त. बागेत काय लावलं हे डॉक्टर विचारत नाहीत आणि यकृताचं काय होतं हे औषधाच्या दुकानात कुणी सांगत नाही.

ही दोन टोकं जोडली की काय हाती लागतं, ते कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात दिसलं. तीही शेतमजुरांचीच वस्ती. बर्कले विद्यापीठाने तिथले दवाखाने सोबत घेऊन १९९९-२००० मध्ये सहाशे गरोदर बायकांची नोंदणी केली, लघवीत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश मोजले आणि पुढे त्यांची मुलं वाढताना पाहिली. सर्वाधिक संपर्क आलेल्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी संपर्काच्या गटापेक्षा सरासरी सात गुणांनी कमी निघाला. २०११ मध्ये हे छापून आलं, त्याच वेळी न्यूयॉर्कमधल्या दोन स्वतंत्र अभ्यासांचे निष्कर्षही त्याच दिशेचे होते.

आपल्याकडे मोजमापाची अक्कल नाही असं मुळीच नाही. २०१० मध्ये लिहोसिनच्या, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं नाकारली गेली. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. निर्यातीच्या मालाचा अंश आज प्रयोगशाळेत तपासला जातोच. फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजावं, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही आहे. पण मुकादमाच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच, म्हसरूळला आहे. कृषी विद्यापीठ राहुरीला. अंतर फार नाही.

कोलिनेस्टरेज हे विकर नसांमधला निरोप पोचल्यावर तो पुसतं. ऑर्गनोफॉस्फेट त्याला जखडतं आणि निरोप थांबतच नाही: घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू. मात्र त्याची पातळी मुळातच माणसागणिक वेगळी असते. हंगामानंतर एकदाच रक्त काढलं तर आलेला आकडा विषामुळे उतरला की त्या माणसाचा तेवढाच असतो, हे कळत नाही. म्हणून पहिला नमुना छाटणीच्या आधी, फवाऱ्याला हात लागण्यापूर्वी घ्यावा लागतो आणि पुढचे सगळे आकडे त्याच माणसाच्या त्या आकड्याशी ताडून पाहायचे असतात.